शिवोलीच्या नायट्रो बग्गीचा तडकलेला पाइप : एक्झॉस्टसाठी धातू निवडण्याचे एक प्रकरण

या प्रकरणातील गाडी म्हणजे १/८ मापाची, रेडिओ नियंत्रणावर चालणारी एक ऑफ-रोड बग्गी. तिचे इंजिन ०.२१ घनइंचाचे, म्हणजे साधारण ३.५ सीसीचे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन असून ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालते. गाडीचे मालक बार्देशातील शिवोलीला, शापोरा नदीच्या मुखापासून फार दूर नसलेल्या घरात राहतात आणि पावसाळा सरला की मेअखेरपर्यंत पेडण्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर गाडी चालवतात. त्यांची तक्रार इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट पाइपबद्दल नव्हतीच. टाकी भरल्यावर पहिली काही मिनिटे गाडी उत्तम धावते, मग इंजिन तापू लागते, मिश्रण पातळ (म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी) झाल्यासारखा आवाज येतो आणि टाकी अर्धी असतानाच इंजिन बंद पडते, असे त्यांचे म्हणणे होते. कार्बुरेटरची सुई दर वेळी थोडी थोडी उघडत नेऊन ते इंधन वाढवत राहिले. त्यामुळे सुरुवातीला इंजिन धूर ओकू लागले आणि शेवटी तरीही तापतच राहिले.

पाइप काढून पाहिल्यावर कारण सापडले. पाइपच्या फुगीर भागावर, म्हणजे चेंबरवर, ब्रॅकेटची पट्टी जिथे वेल्ड केली होती, तिथे केसाएवढी चीर होती आणि तिच्या कडेने तेलाची काळी रेघ बाहेर आली होती. अशा गाड्यांत इंधनपंप नसतो. पाइपवरच्या छोट्या निपलमधून एक सिलिकॉन नळी टाकीत जाते आणि एक्झॉस्टचा दाबच इंधन कार्बुरेटरकडे ढकलतो. पाइप थंड असताना चीर मिटलेली राहत होती, तापल्यावर ती उघडत होती, टाकीतला दाब घटत होता आणि इंजिनाला इंधन कमी पडत होते. पातळ मिश्रणावर इंजिन अधिक तापते, तापलेले इंजिन पाइपला अधिक तापवते आणि चीर आणखी उघडते. म्हणून नायट्रो गाडीची ‘ट्यूनिंग टिकत नाही’ अशी तक्रार आली की सुईला हात लावण्यापूर्वी पाइपची तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगतो. निपल व एक टोक बंद करून, पाइप पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकले तरी पुरते. मात्र बारीक चीर दिसायला पाइप आधी गरम पाण्यात ठेवणे बरे.

मालकांनी तो पाइप बोटींची कामे करणाऱ्या एका कार्यशाळेतून टिग वेल्डिंगने जोडून आणला. काम डोळ्यांना सुबक दिसत होते. थोड्याच दिवसांत पाइप पुन्हा तडकला, पण या वेळी वेल्डवर नव्हे, तर त्याच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर अंतरावर. तेव्हा त्यांनी प्रश्न विचारला तो असा : हाच पाइप पुन्हा घ्यावा, स्टेनलेस स्टीलचा करून घ्यावा, की पैसे साठवून टायटॅनियमचा मागवावा?

आकार आधी, धातू नंतर

धातूचा विचार करण्यापूर्वी पाइप काय काम करतो हे स्पष्ट असले पाहिजे, कारण बाजारात धातूच्या नावावर जी ताकद विकली जाते ती बहुतांशी आकाराची असते. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून जळका वायू बाहेर पडण्याचे तोंड, उघडताच दाबाची एक लाट मॅनिफोल्डमधून (इंजिन आणि चेंबर यांना जोडणाऱ्या नळीतून) चेंबरकडे निघते. रुंदावत जाणाऱ्या शंकूतून तिचा काही भाग कमी दाबाच्या रूपात परत येतो आणि सिलिंडरमधला जळका वायू बाहेर खेचतो. पुढच्या निमुळत्या शंकूवर आपटून परतणारी लाट मात्र जास्त दाबाची असते. पोर्ट बंद होण्याच्या किंचित आधी ती पोहोचली, तर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण ती पुन्हा आत ढकलते. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांना एक फेरा २ मिलिसेकंदांत पुरा होतो आणि पोर्ट साधारण अर्ध्या फेऱ्यात, म्हणजे १ मिलिसेकंद उघडे राहते. पाइपमधल्या वायूचे सरासरी तापमान ३०० अंश धरले तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर होतो. तेव्हा लाटेला जाऊन येण्यासाठी एकूण ४८० मिमी, म्हणजे एका बाजूने जास्तीत जास्त २४० मिमी मिळतात. या वर्गाचे पाइप मॅनिफोल्ड धरून साधारण एवढ्याच लांबीचे का असतात, ते या हिशेबावरून कळते.

यात धातूचा संबंध येतो तो तापमानाच्या वाटेने. ध्वनीचा वेग केल्व्हिनमधील तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. वायू ३०० ऐवजी २७० अंशांवर राहिला तर वेग पावणेतीन टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे पाइप सहा मिलिमीटरने लांब केल्यासारखे होते आणि जोर मिळण्याची जागा मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांनी खाली सरकते. हा फरक चालवणाऱ्याला जाणवतो. पण म्हणून ‘टायटॅनियम उष्णता धरून ठेवतो, ॲल्युमिनियम ती घालवतो, म्हणून टायटॅनियममध्ये ताकद जास्त’ हे जे सर्रास ऐकू येते, ते तपासून घ्यायला हवे.

शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे सुमारे २३७ वॅट, टायटॅनियमची सुमारे २२ आणि स्टेनलेसची सुमारे १६ आहे. आकडे पाहिले तर फरक प्रचंड वाटतो. परंतु पाइपची भिंत जेमतेम ०.५ ते १ मिमी जाड असते. ०.८ मिमी स्टेनलेसच्या भिंतीतून उष्णता आरपार जाण्याला होणारा विरोध आणि बाहेरच्या भिंतीवरून ती वाऱ्यात जाण्याला होणारा विरोध यांची तुलना केली, तर दुसरा पहिल्याच्या शेकडो पट भरतो. उष्णतेची अडवणूक हवा करते, धातू नव्हे. त्यामुळे भिंतीच्या आरपार जाणाऱ्या उष्णतेपुरते तिन्ही धातू जवळपास सारखेच ठरतात. खरा फरक तीन ठिकाणी पडतो. पहिला, लांबीच्या दिशेने : ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड पोर्टपाशी घेतलेली उष्णता भराभर दुसऱ्या टोकाच्या ओ-रिंगपर्यंत (सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीपर्यंत) नेतो, तर स्टेनलेसमध्ये ती बरीचशी जागीच राहते. दुसरा, पृष्ठभागाचा : चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता फार कमी उत्सर्जित करते आणि तापून काळवंडलेले पोलाद कितीतरी जास्त. तिसरा, तापायला लागणाऱ्या वेळेचा : समान जाडीच्या भिंतींत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांची उष्णता साठवण्याची क्षमता जवळजवळ सारखी, तर पोलादाची दीडपटीहून अधिक आहे. म्हणून पोलादी पाइप मंदपणे तापतो आणि थंड गाडीची सुई पहिल्या मिनिटात जुळवणाऱ्याला चकवतो.

येथे मापनाबद्दल एक सूचना करणे आवश्यक वाटते. बंदुकीसारखा रोखायचा इन्फ्रारेड तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो खऱ्यापेक्षा पुष्कळच कमी आकडा दाखवतो. दोन धातूंच्या पाइपांची तुलना अशा आकड्यांवरून करणाऱ्याला ॲल्युमिनियम नेहमीच ‘थंड’ वाटेल. आम्ही मॅनिफोल्डवर आणि चेंबरवर उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका देऊन मगच मोजले. मॅनिफोल्ड २०० अंशांच्या वर आणि चेंबरचा फुगीर भाग १६० च्या आसपास दिसला.

तडा का गेला

मूळ पाइप तारेच्या हँगरवर सैल टांगलेला होता. गाडी उलटली की तो हलतो म्हणून मालकांच्या एका स्नेह्याने तार काढून चेंबरला पट्टी वेल्ड केली आणि ती चासिसवर बोल्टने घट्ट आवळली. २०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा चेंबर ३० अंशांवरून १६० अंशांवर गेला की सुमारे ०.६ मिमी लांबतो. तेवढाच स्टेनलेसचा चेंबर ०.४ मिमी आणि टायटॅनियमचा ०.२ मिमीच्या थोडा वर. एक टोक इंजिनाला आणि दुसरे चासिसला घट्ट बांधलेले असेल, तर हा ०.६ मिमी पट्टीच्या मुळाशीच खर्च होतो.

त्यावर कंपनांची भर पडते. ३०,००० फेऱ्यांना सेकंदाला ५०० ठोके, दहा मिनिटांच्या एका टाकीत तीन लाख आणि तासाभरात अठरा लाख. पोलादाला एक मर्यादा असते, जिच्याखालचा ताण ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कितीही लहान असला तरी पुरेशा आवर्तनांनंतर ते थकते आणि तडकते. इतक्या वेगाने आवर्तने मोजणाऱ्या यंत्रात ही गोष्ट दुय्यम मानता येत नाही.

दुसरा तडा वेल्डच्या कडेला का गेला, याचे उत्तरही धातूच्या स्वभावातच आहे. ६०६१-टी६ सारखा उष्णतासंस्काराने कडक केलेला मिश्रधातू वेल्ड केला की वेल्डलगतचा पट्टा मऊ पडतो आणि त्याची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी घटते. थंड घडाईने कडक केलेल्या पत्र्याचेही तेच होते. वेल्ड मजबूत आणि शेजार दुबळा, अशा स्थितीत तडा शेजारीच जाणार. शिवाय हा पाइप अनेक महिने एरंडेल तेलाचा धूर पीत होता. चिरेत मुरलेले तेल पूर्ण निघाले नाही तर वेल्डिंगच्या वेळी त्यातला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि गोठताना बारीक छिद्रे सोडतो. आधी खरवडून, ॲसिटोनने पुसून आणि पत्रा तापवून तेल बाहेर काढल्याशिवाय अशा पाइपला टॉर्च लावू नये. हे काम उघड्यावर करावे आणि पाइपमध्ये इंधनाचा वास जराही राहू देऊ नये. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही.

आणखी एक मुद्दा गोव्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोटींचे ॲल्युमिनियम जोडणारे कारागीर बहुधा ५३५६ जातीची, सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम असलेली भरणसळई हाताशी ठेवतात, कारण समुद्राच्या पाण्यात ती चांगली टिकते. परंतु तीन टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असलेला वेल्ड सतत ६५ अंशांच्या वर तापत राहिला तर त्याच्या कणसीमांवर बदल घडतात आणि ताण व गंज एकत्र आल्यास तो तडकण्याची शक्यता वाढते. म्हणून तापणाऱ्या भागांसाठी सिलिकॉनयुक्त ४०४३ सळई योग्य मानली जाते. या पाइपचा दुसरा तडा सळईमुळे गेला असे म्हणता येत नाही, कारण तो वेल्डच्या बाहेर होता. तरीही बोटीसाठी उत्तम असलेली सळई पाइपसाठी उत्तम असतेच असे नाही, हे कारागिराला काम देतानाच सांगितले पाहिजे.

उभ्या गाडीचा गंज

शिवोलीतल्या गाडीच्या बाबतीत एवढ्यावर थांबून चालत नाही. एक ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळले की १.१ ग्रॅमहून थोडे जास्त पाणी तयार होते. १२५ सीसीच्या एका टाकीत साधारण ६० ग्रॅम मिथेनॉल असते, म्हणजे जवळजवळ ७० ग्रॅम पाणी. त्यातले बहुतेक वाफ होऊन बाहेर जाते. पण इंजिन बंद केल्यावर पाइपमध्ये उरलेली वाफ थंड होऊन भिंतीवर बसते. नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून थोडे नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात आणि त्या पाण्यात विरघळून आम्ल बनतात. बेअरिंग गंजू नयेत म्हणून इंजिनात दिवसअखेर तेल सोडण्याची शिस्त बहुतेक जण पाळतात. पाइपची मात्र कोणी विचारपूस करत नाही.

बाहेरून खारा वारा येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी घरात उभी असते, हवा आठवडेच्या आठवडे दमट असते आणि मिठाचे कण धातूवर ओलसर थर धरून बसतात. माझ्या मते किनारपट्टीवरच्या गाडीसाठी धातूची निवड करताना धावणाऱ्या दहा मिनिटांइतकेच वजन या चार महिन्यांना दिले पाहिजे. फोंडा किंवा साखळीच्या बाजूला, समुद्रापासून दूर राहणाऱ्याला हा निकष थोडा सैल करता येईल. शिवोलीत तो करता येत नाही.

पर्याय

क्रोम चढवलेल्या साध्या पोलादाचा पर्याय लगेच बाद झाला. तो स्वस्त आहे, वेल्डला सोपा आहे आणि थकव्यालाही चांगला आहे. पण क्रोमच्या थरात बारीक भेगा असतातच आणि पाइपच्या आतल्या बाजूला तो थर पोहोचत नाही. आतून गंजलेल्या पाइपची खपली निपलमधून टाकीकडे गेली तर ती कार्बुरेटरपर्यंत पोहोचू शकते.

टायटॅनियमचा विचार मात्र गंभीरपणे केला. त्याची घनता ४.५ आहे, ॲल्युमिनियमची २.७ आणि स्टेनलेसची ८. चेंबरचा पृष्ठभाग ०.०२ चौरस मीटर धरला तर ०.८ मिमी ॲल्युमिनियमचा चेंबर सुमारे ४३ ग्रॅम, ०.५ मिमी टायटॅनियमचा ४५ ग्रॅम आणि ०.५ मिमी स्टेनलेसचा ८० ग्रॅम भरतो. म्हणजे टायटॅनियम हलका आहे तो पोलादाच्या तुलनेत. जाड ॲल्युमिनियमसमोर तो हलका नसून त्याच वजनात अधिक मजबूत आहे. खाऱ्या हवेचे त्याला काही वाटत नाही, तापून तो फारसा लांबत नाही आणि थकव्यालाही दाद देत नाही. अडचण जोडकामाची आहे. लाल होण्याच्या कितीतरी आधी, सव्वाचारशे अंशांच्या पुढे तो हवेतला ऑक्सिजन शोषू लागतो आणि ठिसूळ होतो. वेल्ड करताना बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून आर्गॉनचे आवरण हवे आणि धातू थंड होईपर्यंत ते राहायला हवे. शंकूचा प्रत्येक सांधा असा जोडणारा कारागीर मिळाला तरी, सड्यावर दगडांत उलटणाऱ्या बग्गीचा पाइप वर्षाकाठी एकदा तरी चेपतो, हे विसरता येत नाही. चेपलेला ॲल्युमिनियमचा चेंबर बदलणे खिशाला परवडते.

संपूर्ण स्टेनलेसचा पाइप गोव्यात करून घेणे शक्य होते. त्याला दोन आक्षेप होते. एक म्हणजे वजन, आणि तेही उंचावर. साडेतीन किलोंच्या गाडीत ३५-४० ग्रॅम म्हणजे एक टक्का. ते सोसता येईल, पण पट्टीवरचा ताणही त्या प्रमाणात वाढतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हाताने वळवलेल्या पत्र्याचे शंकू मूळ पाइपच्या आकाराचे होतील याची खात्री नसते. युरोपातील एफ्रा या संघटनेचा मान्यता क्रमांक कोरलेले पाइप आवाज आणि आतली मापे तपासूनच मान्य झालेले असतात. आकार बदलला तर ट्यूनिंग बदलते आणि आवाजही. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि नायट्रो गाडी वस्तीजवळ चालवली तर तक्रार होणारच. सड्यावर हा प्रश्न येत नाही, पण अंगणात इंजिन जुळवताना येतो. तपासलेला आकार सोडून देण्यासारखे त्यात काही दिसले नाही.

निर्णय

शेवटी पाइपच्या दोन भागांसाठी दोन धातू घेतले. मॅनिफोल्ड सर्वांत तापतो, इंजिनाचे ठोके पहिल्यांदा झेलतो आणि आकाराने साधा असतो, म्हणून तो स्टेनलेसचा. चेंबर त्या मानाने थंड, आकाराने गुंतागुंतीचा आणि अपघातात पहिल्यांदा चेपणारा, म्हणून तो ॲल्युमिनियमचा, तोही जुन्याच मापाचा नवीन, वरून काहीही वेल्ड न केलेला. रंगीत ॲनोडाइझ केलेला, म्हणजे पृष्ठभागावर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला चेंबर मालकांना आवडला होता. पण ॲनोडाइझचा थर धातूइतका पसरत नाही, तापल्यावर त्याला बारीक तडे जातात आणि खारे पाणी नेमके तिथेच शिरते. म्हणून साधा पॉलिश केलेला घेतला.

मॅनिफोल्डसाठी ३०४ की ३१६ हा प्रश्न फार वेळ घेणारा नव्हता. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठामुळे पडणाऱ्या खळ्यांना ते आवर घालते. वेल्डच्या आसपास ४५० ते ८५० अंशांत धातू रेंगाळला की त्यातला कार्बन क्रोमियमला बांधून घेतो आणि तो पट्टा गंजायला मोकळा होतो. म्हणून कमी कार्बनचा, ३१६एल, घ्यायचा.

येथे गोव्याने मोठी सोय केली. औषधनिर्मितीच्या कारखान्यांतल्या नळ्या ३१६एलच्याच असतात आणि वेर्णा, कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींत अशा कामाचे कसबी फिटर आहेत. पाऊण इंची सॅनिटरी नळीचा बाहेरचा व्यास १९.०५ मिमी आणि भिंत १.६५ मिमी, म्हणजे आतून १५.७५ मिमी. आमच्या मॅनिफोल्डला हे माप जवळजवळ जसेच्या तसे चालत होते. एका मेस्त्रींनी त्याच नळीचे ९० अंशांचे तयार वळण घेतले, चेंबरकडचे टोक लेथवर उतरवून त्यावर ओ-रिंगचे दोन खाचे कापले आणि इंजिनाच्या तोंडावर बसणारी कडी आतून आर्गॉन सोडत जोडली. हे आर्गॉन महत्त्वाचे. औषधाच्या नळीत आतला वेल्ड गुळगुळीत लागतो तो जंतूंना जागा राहू नये म्हणून. इथे तो लागतो लाटेच्या वाटेत धातूचे मणी येऊ नयेत म्हणून, आणि करपलेला धातू आतून गंजू नये म्हणून. वेल्डभोवतीचे निळे-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने (आम्लयुक्त लेपाने) काढून टाकले, कारण तो रंग म्हणजे क्रोमियम गमावलेल्या पृष्ठभागाची खूण असते.

वजन सुमारे ४० ग्रॅमनी वाढले. ते चासिसच्या अगदी जवळ, खाली पडते, म्हणून चालण्यात फरक पडला नाही. स्टेनलेसच्या टोकावर ॲल्युमिनियमचा चेंबर चढतो तेव्हा तापल्यावर चेंबर जास्त पसरून सांधा सैल होईल, अशी मालकांना शंका होती. १७ मिमी व्यासावर आणि दीडशे अंशांच्या फरकाने ही वाढ ०.०२ मिमीच्या आसपास भरते. ओ-रिंगच्या दाबापुढे ती नगण्य आहे. ओ-रिंगच्या रबराचा दर्जा मात्र नगण्य नाही. सिलिकॉन किंवा व्हायटनची रिंग २०० अंशांच्या आसपास टिकते, साधी नायट्राइलची टिकत नाही.

घट्ट ब्रॅकेट कायमचा काढला. त्याच्या जागी ३ मिमी जाडीची वळवलेली स्टेनलेस तार आली. ती चासिसवरच्या खांबात पक्की आहे, पण पाइपकडच्या टोकाला तिच्यावर सिलिकॉनची नळी चढवून पाइप तिच्यावर नुसता टेकवला आहे, म्हणजे लांबीच्या दिशेने त्याला मिलिमीटरभर सरकता येते. हा बदल नसता तर मॅनिफोल्ड कोणत्याही धातूचा केला असता तरी नवा चेंबर जुन्याच जागी तडकला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढचा हंगाम आणि पावसाळा

पहिल्याच दिवशी असे दिसले की इंजिन तापायला आधीपेक्षा जास्त वेळ घेते. जड मॅनिफोल्डचा तो परिणाम. मालकांना एवढेच सांगितले की पहिली दोन मिनिटे सुईला हात लावू नये. त्यानंतर मिश्रण टाकी संपेपर्यंत स्थिर राहिले आणि जुनी तक्रार परत आली नाही. मधल्या वेगातला जोर किंचित वरच्या फेऱ्यांकडे सरकल्याचे मालकांना जाणवले. मॅनिफोल्डची नवी लांबी जुन्याहून तीनएक मिलिमीटरनी कमी पडली होती, तेव्हा त्याचे श्रेय धातूला देणे बरोबर होणार नाही.

हंगामभरात चेंबर कुठेही तडकला नाही. मॅनिफोल्डवर पिवळसर तपकिरी छटा आली, ती तापमानाची होती, गंजाची नव्हती. एकदा मालकांनी आतला कार्बन काढण्यासाठी नाला साफ करायचे कॉस्टिकयुक्त द्रव्य आणले होते, ते वेळीच थांबवता आले. ते पोलादाला चालते, पण ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकते. चेंबर गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणानेच धुवायचा ठरले.

पावसाळ्याआधी पाइप सोडवून गोड्या पाण्याने धुतला, तापवून आतून कोरडा केला, तेलाचा हात फिरवला आणि दोन्ही भाग वेगवेगळे ठेवले. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर झिजते ते ॲल्युमिनियम. ओ-रिंगा आणि गॅस्केट मध्ये असले तरी दोघांना जोडणारी स्प्रिंग विजेचा मार्ग पुरा करते. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढले तेव्हा मॅनिफोल्ड स्वच्छ होता, एकही खळी नव्हती. चेंबरवर मात्र स्प्रिंग अडकवायच्या हुकाभोवती पांढरी भुकटी धरली होती, कारण त्या कोनाड्यातले मीठ धुताना निघाले नव्हते. आणि ज्या स्प्रिंगकडे कोणी लक्ष दिले नव्हते ती साध्या पोलादी तारेची असल्याने पूर्ण गंजली होती. आता दोन्ही स्प्रिंगा स्टेनलेसच्या घातल्या असून त्या पावसाळ्यात सोडवून ठेवायच्या आहेत. हुकाभोवती जुन्या दात घासायच्या ब्रशाने साबण फिरवायचा आहे.

याच मालकांच्या पुतण्याकडे डांबरी मैदानावर चालणारी १/८ मापाची ऑन-रोड गाडी आहे आणि त्याने आमच्या मॅनिफोल्डचा नमुना मागितला. त्याला तो दिला नाही. ती गाडी क्वचितच उलटते, तिचे इंजिन याहून बरेच जास्त फेरे घेते, तिथे प्रत्येक ग्रॅम मोजला जातो आणि चेंबर चेपण्याची भीती नसते. त्याने टायटॅनियमचा तयार पाइप घेणे योग्य, असे मी त्याला सांगितले. मात्र हँगर आमचाच घ्यावा, आणि तो पाइपला वेल्ड न करता.